खारूची टीम, अठ्ठावीस तारखेच्या आत

४ फेब्रुवारी, रविवार

आज चष्मेवाल्या काकांशी भांडलो. चूक माझी नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण ताई ड्यूटीवरून आली की ती बरोबर उलटं ठरवणार आहे.

खारू म्हणजे ताईची मुलगी, साडेदहा वर्षांची. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. पाण्याच्या टाकीखालच्या मैदानावर काकांची फुटबॉल टीम आहे, बारा वर्षांखालची, सात-सात जणांची. काका दिवसभर चष्म्याचं दुकान चालवतात आणि संध्याकाळी या पोरांना पळवतात. खारू सगळ्यांत मागे, गोलकीपरच्या पुढ्यात खेळते. तिच्या पायातून चेंडू काढणारा अजून जन्मायचाय. आणि आज एक-शून्यने पुढे असताना काकांनी तिला बाहेर बसवलं. अख्खा सेकंड हाफ! मॅच एक-एक सुटली.

मी गेलो. म्हटलं, "काका, ती बाहेर का?"

"बसू दे जरा."

"दमलेली नाहीये ती."

"माहितीये."

बस, एवढंच उत्तर. वर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला लागले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ठेवा बसवून. या महिन्यातच शोधत बसाल. खारू मोठ्या क्लबात चाललीये."

"ठरलं?"

"ठरलं."

"पोरीला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मान हलवली. खारू नळावर पाय धुवत होती, तिने काही ऐकलं नाही. ते बरंच झालं.

ठरलेलं नव्हतं, हे इथे कबूल करतो. पण ठरल्यासारखंच आहे. मोठ्या क्लबाची ती असिस्टंट कोच, खारू तिला शिट्टीताई म्हणते, दोन रविवारांपूर्वी मॅच बघायला आली होती. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, हिला आमच्याकडे आणा ना." आणा. म्हणजे कोणी आणायचं? मी. दर शनिवारी, दर रविवारी. हे वाक्य बोलताना तिने केस कानामागे घेतले. वारा नव्हता.

५ फेब्रुवारी

ताईला कळलं. खारूनेच सांगितलं की मामा आणि काका मोठ्याने बोलत होते. ताई नर्स आहे, आवाज न चढवता माणसाला आडवं करते.

"कुठल्या टीममध्ये खेळायचं ते तिचं ती ठरवेल. तुझं काम ने-आण करण्याचं."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"तू एकदा स्वतःच्या भल्यासाठी वर्गातून तरातरा उठून आलास. आई अजून फोनवर रडते."

हे काढायचं काही कारण नव्हतं. प्रॅक्टिकलच्या सरांनी माझी जर्नल सगळ्यांसमोर भिरकावली, मी त्यांच्या टेबलावर ओळखपत्र ठेवलं आणि निघून आलो. स्वाभिमान नावाची काही चीज असते. आणि कॉलेज सोडलेलं नाहीये, दुसऱ्या वर्षानंतर एक खंड घेतलाय. तोवर ताईकडे राहतो, रंगाच्या दुकानात शेड मशीनवर उभा असतो. उद्या वाटेल तेव्हा परत जाईन.

१० फेब्रुवारी, शनिवार

खारूला मोठा क्लब दाखवायला नेलं. हिरवीगार नकली हिरवळ, चारी बाजूंनी कठडा, काचेचं ऑफिस. खारूने खाली बसून हिरवळीवर हात घासला आणि वास घेतला.

"प्लास्टिक," म्हणाली.

"मग काय चिखल पाहिजे?"

"मी नुसतं सांगितलं."

मोठे सर भेटले. पुढच्या रविवारी म्हणजे अठराला चाचणी. निवड झाली तर जुन्या टीमचं सोडपत्र अठ्ठावीस तारखेच्या आत द्यायचं. त्यानंतर एप्रिलमध्ये मोसम संपेपर्यंत कोणी कुठे हलायचं नाही. आणि एकदा इकडे आलं की या मोसमात परतही जाता येत नाही.

शिट्टीताईने माझा नंबर घेतला. "मिस्ड कॉल द्या." दिला. तिच्या स्क्रीनवर नंबर आला आणि मी डोळ्यांनी बघितलं, नाव आधीच होतं! 'खारूचे मामा.' म्हणजे तिने कुठून तरी नंबर आधीच मिळवलाय. ताईकडून घेतला असेल, शाळेतून घेतला असेल, पण घेतला. येताना बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेलो. खारू म्हणाली, "मामा, तू का हसतोयस?" म्हटलं, "तुझ्या भवितव्यासाठी."

११ फेब्रुवारी

काका ताळ्यावर आले! खारू सकाळच्या प्रॅक्टिसला गेली होती. अर्ध्या तासात परत. हातात पाकीट. "काकांनी दिलंय. मामाला दे म्हणाले." आत सोडपत्र, सही-शिक्क्यासकट. न मागता दिलं. माणसाला एकदा ठणकावून सांगितलं की कामं कशी पटापट होतात ते बघा.

"प्रॅक्टिस?"

"मला आता तिथे जायचं नाही."

मी तिला उचलूनच घेतलं. ताई मला सांगते की तिला विचार! न विचारता मला कळलं होतं ते हेच. खारूने सात नंबरची जर्सी स्वतः धुतली, वाळवली, घडी घालून पिशवीत ठेवली. परत द्यायची म्हणे. किती शहाणी पोर आहे.

१४ फेब्रुवारी

खारू जेवत नाहीये नीट. चाचणीचं टेन्शन. मी तिला सांगितलं, खेळाडूला टेन्शन पाहिजेच.

१८ फेब्रुवारी, रविवार

लगेच लिहून ठेवतो.

चाचणीत त्यांच्याच मुलांच्या दोन टीम पाडल्या होत्या. खारू एकीत मागे. पहिली दहा मिनिटं पोरीने कमाल केली. समोरचा लंबू तीनदा आला, तीनदा मोकळ्या पायांनी परत गेला. मोठे सर वहीत काहीतरी लिहीत होते. शिट्टीताईने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मला. कठड्यावर शंभर माणसं होती, पण मला.

मग एक लांब चेंडू आला. खारू चेंडूबरोबर आपल्या गोलकडे पळत होती, मागे लंबू. गोलकीपरचा मुलगा ओरडला, "सोड! सोड!" आणि खारूने पाय उचलला. चेंडू खालून जाऊ दिला. गोलकीपर मात्र जागचा हललाच नाही. लंबूने तिला वळसा घालून आरामात गोल मारला.

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "अगं, चेंडू आहे तो, बॉम्ब नाही." गोलकीपर हात पसरून ओरडत होता, "सोड म्हणालो ना! सोडला का नाहीस?" आणि खारू म्हणत होती, "सोडला की!"

मला पुढचं सलग आठवत नाही. मी कठड्यावरून उडी मारली एवढं खरं. चपला घालून त्यांच्या हिरवळीवर गेलो आणि त्या गोलकीपरला म्हटलं, "आंधळा आहेस का? बोलावतोस आणि पुतळ्यासारखा उभा राहतोस?" तो बारा वर्षांचा. रडायला लागला. त्याचा बाप आला. मी त्याची कॉलर धरली की त्याने माझी, यावर मतभेद होतील. मोठ्या सरांनी शिट्टी इतकी जोरात वाजवली की सगळं मैदान थांबलं. शिट्टीताईने माझं कोपर धरून मला बाहेर नेलं. चार-पाच सेकंद तरी धरलं होतं.

बाहेर खारू बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती आणि परत बांधत होती. सोडत होती आणि बांधत होती.

"तुझी चूक नाही," म्हटलं.

ती म्हणाली, "माहितीये."

अगदी काकांच्या आवाजात.

१९ फेब्रुवारी

शिट्टीताईचा मेसेज. "मामा, बुधवारी संध्याकाळी पाचला क्लबच्या मागच्या गेटपाशी याल? एकटे या. महत्त्वाचं बोलायचंय."

एकटे या.

ताईने विचारलं शर्टाला इस्त्री का करतोयस, सोमवारीच. म्हटलं, रंग उडतो अंगावर, म्हणून. तिने वर बघितलं, खाली बघितलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात एका गिऱ्हाइकाची फिकट पिवळी शेड करत होतो. काळ्याचे दोन थेंब टाकायचे, मशीनमध्ये आकडा टाकला वीस. अख्खा डबा शेवाळी. मालक म्हणाले, "प्रेमात आहेस की पित्तात?" पाचला गेटवर होतो, पावणेपाचलाच.

ती आली. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मामा, रागावू नका, पण खारूबद्दल दोन गोष्टी सांगायच्यात."

खारूबद्दल.

पहिली गोष्ट, रविवारचा गोल. ती खारूशी बोलली होती, चाचणीनंतर, बुटांच्या खोलीत. काकांच्या टीममध्ये गोलकीपर "सोड" ओरडला की अर्थ होतो, चेंडूला हात-पाय लावू नकोस, मी येतोय. मोठ्या क्लबात त्यासाठी "माझा" म्हणतात. इथे "सोड" म्हणजे चेंडू पायात ठेवू नको, मार पुढे, दे कोणाला तरी. "दोघंही बरोबर होते. तिने सेकंदात ऐकलं आणि सेकंदात केलं. मोठ्या सरांना ते आवडलं. ते तिला घेणार आहेत."

मी म्हटलं, "बघा, मी म्हणत होतो..."

"दुसरी गोष्ट," ती म्हणाली. "तिला मी विचारलं, जुनी टीम का सोडतेस. ती म्हणाली, काकांनी मला काढून टाकलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बाकावर बसवलं, मग पाकीट हातात दिलं. कारण सांगितलं नाही. तिला वाटतंय ती चांगली खेळत नाही म्हणून. आमच्याकडे यायचंय म्हणून नाही आली ती, मामा. दुसरीकडे कुठे जायला जागा नाही म्हणून आली. असं आलेलं मूल दोन महिन्यांत फुटबॉलच सोडतं. मी बघितलंय. आणि अजून एक. प्रत्येक चेंडूनंतर ती तुमच्याकडे बघते, तुम्ही चिडलाय का ते. घेतलं तर मोठ्या सरांची एकच अट आहे, मामा कठड्याच्या आत येणार नाही."

मी गेटचे गज मोजत होतो. अकरा आहेत. मग जे विचारायला नको तेच विचारलं.

"तुम्हाला माझं नाव माहितीये?"

ती आधी हसली, मग लाल झाली. "अय्या, खरंच. कधी विचारलंच नाही. सगळ्या पालकांचे नंबर असेच सेव्ह होतात माझ्याकडे, अर्जावरून. अमकीचे बाबा, तमक्याची आजी. काय नाव तुमचं?"

"नंतर सांगतो," म्हटलं.

अर्ज मी तीन तारखेला ऑनलाइन भरला होता. त्यात नंबर होता. हे आत्ता लिहिताना आठवलं.

२२ फेब्रुवारी

काकांच्या दुकानात गेलो. ते एका आजीबाईंच्या डोळ्यांवर ती जड लोखंडी फ्रेम लावून काचा बदलत होते. "ही बरी की ही? ही की ही?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस."

आजीबाई गेल्या. मी उभाच होतो. म्हटलं, "खारूला वाटतंय तुम्ही तिला काढलंत."

काकांच्या हातातली काच तशीच राहिली. "मी?"

"तुम्ही पाकीट दिलंत."

"तू म्हणालास ठरलंय. पोरीच्या आड यायचं नाही म्हणून लगेच दिलं." ते खाली बसले. बराच वेळ काचेवरचा एकच डाग पुसत होते. "मी तिला त्या दिवशी का बसवलं, सांगू? तिच्याशिवाय ही सात उभी राहतात का ते बघत होतो. एप्रिलमध्ये मोसम संपला की मी स्वतः तिला त्या क्लबात नेणार होतो. माझ्याकडचं शिकवून संपलंय रे. दोन महिने झाले, आमची प्रॅक्टिस संपली की ती पलीकडे मोठ्या मुलांची मॅच जाळीला नाक लावून बघते. तू नाही बघितलंस?"

मी नव्हतं बघितलं. मी त्या वेळी फोन बघत असायचो.

"चष्म्याचा नंबर वाढला हे पोरं येऊन सांगत नाहीत. गुपचूप पुढच्या बाकावर जाऊन बसतात. आपण ओळखायचं असतं."

"मग हे मला तेव्हाच का नाही बोललात?" माझा आवाज चढला. आजही चढला.

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस." मग म्हणाले, "पण तिला तरी मी सांगायला हवं होतं. मला पोरांशी खेळता येतं, बोलता येत नाही."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा तिला खरं काय ते. काका म्हणाले, "माझं मी सांगेन. तुझं तू सांग."

२३ फेब्रुवारी

सांगितलं.

खारू गृहपाठ करत होती. मी म्हटलं, काकांनी तुला काढलं नाही. मी त्यांना सांगितलं होतं की तू जाणार आहेस. तुला न विचारता. रागात.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "कधी?"

"मॅच झाल्यावर. तू पाय धुवत होतीस."

"म्हणजे पाकीट तुझ्यामुळे."

"हो."

मला वाटलं रडेल, मारेल, काहीतरी फेकेल. मी तेच केलं असतं. ती म्हणाली, "मी रोज शाळेतून येताना पलीकडच्या फुटपाथने येते. काकांच्या दुकानासमोरून यायला नको म्हणून. दोन वेळा रस्ता क्रॉस करावा लागतो."

मग वही उचलून स्वयंपाकघरात ताईजवळ जाऊन बसली. ताईने दार लोटून घेतलं. मी इकडे, त्या दोघी तिकडे. मधे नुसतं दार, कडीही नव्हती लावलेली, पण मला ते उघडायची हिंमत झाली नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

खारू माझ्याशी बोलत नाही. सकाळी स्वतःहून जर्सीची पिशवी घेऊन टाकीखाली गेली. मी रस्त्यापलीकडे झाडाआड उभा राहिलो, चोरासारखा. काका आणि ती मैदानाच्या कडेला उकिडवे बसले होते. काका मातीत बोटाने काहीतरी काढत होते, ती पुसत होती, मग ती काढत होती. पाऊण तास. मग तिने कपड्यांवरूनच जर्सी चढवली आणि आत पळाली.

दुपारी मेसेज आला. मोठ्या सरांकडून. निवड झाली आहे. सोडपत्र बुधवारी संध्याकाळपर्यंत जमा करावे.

२७ फेब्रुवारी

घरात सभा. ताई, खारू, मी. मला बोलायची परवानगी नाही, फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायची.

खारूने वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं होतं. काका म्हणतात, जागा मिळतेय तर जा, आमचं आम्ही बघू. शिट्टीताई म्हणते, तू ठरव. टाकीखाली ती धरून आठ जण आहेत. ती गेली तर सात, म्हणजे एकजण आजारी पडला की मॅच सोडून द्यायची. चार मॅच राहिल्यात.

"मामा, मोसम संपल्यावर गेले तर मोठे सर जागा ठेवतील?"

"माहीत नाही."

"तुला काय वाटतं?"

मला खूप काही वाटत होतं. मी म्हटलं, "नाही ठेवणार. त्यांच्याकडे रांग असते. आत्ता गेलीस तर पक्कं आहे. नंतरचं काही सांगता येत नाही." हे खरं होतं म्हणून सांगितलं. ते सांगताना मला आतून वाटत होतं की तिने आत्ता जावं, आणि ते कोणासाठी वाटत होतं याचं उत्तर मी या वहीतही लिहिणार नाही.

ताईने विचारलं, "खारू, तुला जायचंय का तिथे?"

"हो," खारू म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. "तो लंबू भारी आहे. मला त्याच्याशी रोज खेळायचंय."

"मग?"

"मग मला विचार करू दे ना."

तिने पान फाडून खिशात घातलं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मालकांकडून दोन तासांची सुट्टी घेतली. खारूला क्लबात नेलं. पाकीट तिच्या दप्तरात होतं. काय ठरवलंय ते बसमध्ये विचारलं नाही. चार वेळा तोंड उघडलं, चार वेळा मिटलं. पाचव्यांदा तिनेच सांगितलं, "मामा, श्वास घे."

मी अटीप्रमाणे गेटबाहेर थांबलो. ती एकटी आत गेली. हिरवळीच्या कडेकडेने, मधून नाही. काचेच्या ऑफिसात मोठे सर बसले होते, शेजारी शिट्टीताई उभी. खारू टेबलासमोर उभी राहिली, टेबल तिच्या छातीपर्यंत येतं. काचेतून आवाज येत नव्हता. ती बोलत होती. पाकीट काढलंच नाही तिने. मोठ्या सरांनी पेन खाली ठेवलं. मग ते बोलले, बोट वर करून, बराच वेळ. शिट्टीताईने मधे काहीतरी म्हटलं, त्यांनी मान हलवली. नाही अशी.

खारू बाहेर आली.

"काय झालं?"

"मी म्हटलं, मला यायचंय, पण चार मॅचनंतर. एप्रिलमध्ये."

"मग?"

"ते म्हणाले, जागा राखून ठेवत नाही कोणासाठी. एप्रिलमध्ये परत चाचणी द्यायची. तेव्हा जागा असली तर."

"आणि नसली तर?"

"तर नाही."

"अगं, पण तुला घेतलं होतं त्यांनी! पक्कं होतं! चार आठवडे थांबायला काय जातंय त्यांचं?" माझे कान तापले. गेटची कडी माझ्या हातात होती, कधी धरली कळलं नाही. कडी वर झाली, गेट वीतभर उघडलं. माझा एक पाय आत होता. "थांब तू इथेच. मी बघतो. दोन मिनिटं."

"मामा."

"दोन मिनिटं, खारू."

"तू आत गेलास तर मी एकटी घरी जाईन. बसचा नंबर मला माहितीये."

मी वळून बघितलं. दप्तर पाठीवर, दोन्ही हात पट्ट्यांत अडकवलेले, पाय जरा फाकवून उभी. माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. माझ्या पायांकडे बघत होती. समोरच्या लंबूकडे बघते तशी, हा आता कुठल्या बाजूला जाणार याचा अंदाज घेत. चिडलेली नाही, घाबरलेली नाही. नुसती तयार.

काचेआड शिट्टीताईही उठून उभी राहिली होती आणि इकडेच बघत होती.

मी पाय बाहेर घेतला. गेट ओढलं. कडी लावली, ती नीट बसत नव्हती, दोनदा लावली.

खारू अजून तशीच उभी होती. पूर्ण खात्री होईपर्यंत. मग तिने पट्ट्यांतून हात काढले आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.

"चल ना," मागे न बघता म्हणाली. "सहाला प्रॅक्टिस आहे."